कॉलेज संपलं, आता ग्राफिक डिझाईनमध्ये सुरुवात कशी करायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दरवर्षी जून-जुलै आला की ओळखीतल्यांची, ओळखीतल्यांच्या ओळखीतल्यांची पोरं-पोरी फोन करतात, "दादा, रिझल्ट लागला, आता काय करू?" प्रश्न बहुतेक तेच असतात म्हणून उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतोय. मी सांगलीचा, अप्लाइड आर्ट करून पुण्यात आलो, आधी प्रेसमध्ये, मग स्टुडिओत आणि आता स्वतःचं काम. त्यामुळे जे लिहिलंय ते महाराष्ट्रातल्या छपाई, जाहिरात, पुस्तकं, ब्रँडिंग या बाजूचं आहे. ॲनिमेशन, गेम वगैरे माझा प्रांत नाही.

रिझल्ट लागलाय. पहिल्या महिन्यात नेमकं काय करू?

पंधरा दिवस एखाद्या ऑफसेट प्रेसमध्ये जाऊन बसा. खरंच सांगतोय. पुण्यात असाल तर नारायण पेठ, शनिवार पेठ भागात फिरा, दुसऱ्या गावात असाल तर तिथली जी प्रेस असेल ती. मालकाला सरळ सांगा की मी डिझाईन शिकलोय, छपाई बघायचीये, पैसे नकोत. दहापैकी तीन-चार जण हो म्हणतात, आणि एकदा आत गेलात की कॉलेजने चार वर्षांत न दाखवलेल्या गोष्टी चार दिवसांत दिसतात.

उदाहरणार्थ, काळा रंग. स्क्रीनवर काळा म्हणजे काळा, पण फाईल आरजीबीची (स्क्रीनच्या रंगांची) सीएमवायके (छपाईच्या चार शायांची) केली की तो काळा चारही रंग मिळून बनतो, आणि बारीक अक्षरात चार प्लेटा केसभर जरी इकडेतिकडे झाल्या तरी अक्षराच्या कडेला लाल-निळी सावली येते, म्हणून बारीक मजकूर फक्त ब्लॅक १०० वर ठेवायचा. हे वाक्य तुम्ही आत्ता वाचलंत आणि उद्या विसराल, पण मशीनवरून आलेला शीट भिंग लावून एकदा बघितला की जन्मभर विसरणार नाही.

तसंच भगवा. मंडळाचं काम आलं की स्क्रीनवर मस्त पेटलेला भगवा दिसतो आणि छापून विटकरी येतो, कारण रूपांतर करताना त्यात सायन किंवा ब्लॅक शिरलेला असतो. दोन्ही शून्यावर आणा, यलो १००, मॅजेंटा ६०च्या आसपास, आणि मग छापून बघा. स्क्रीनसारखा झगझगीत तर तो होणारच नाही, शाईची तेवढी ताकद नसते, आणि हे क्लायंटला आधी सांगायचं असतं, छापून झाल्यावर नाही.

माझं बीकॉम झालंय. बीएफए (कलेची डिग्री) नाही, चालेल का?

चालेल. प्रायव्हेट स्टुडिओ, एजन्सी काम बघतात, मार्कशीट मागतच नाहीत म्हटलं तरी चालेल. पण कॉलेजात जे आपोआप मिळतं ते तुम्हाला मुद्दाम कमवावं लागेल, म्हणजे हाताने काढायची सवय, अक्षरांचा अभ्यास, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे चार लोकांसमोर आपलं काम भिंतीवर लावून शिव्या खायची सवय. ही तिसरी गोष्ट घरी बसून यूट्यूब बघून येत नाही. कोणीतरी एक सीनियर शोधा जो महिन्यातून एकदा तुमचं काम बघून खरं बोलेल.

"सहा महिन्यांत जॉब गॅरंटी" वाले क्लास मात्र जपून. माझ्याकडे आलेल्या एका मुलीने अशा एका क्लासला वडिलांचे ऐंशी हजार भरले होते, आणि तिच्या पोर्टफोलिओत जी आठ पोस्टर होती तीच आठ तिच्या बॅचच्या बाकीच्या मुलांच्या पोर्टफोलिओत होती, फक्त रंग वेगळे. कोणी नोकरी देणार? ॲडमिशन घेण्याआधी आधीच्या बॅचच्या दोन-तीन मुलांचं काम मागून बघा, एकसारखं दिसलं तर निघा तिथून.

पोर्टफोलिओत किती कामं ठेवू? कॉलेजच्या असाइनमेंट चालतील?

आठ-दहा पुरेत. कॉलेजच्या चालतील, पण मोठ्या विदेशी बुटांच्या ब्रँडचं रिडिझाईन, कॉफी शॉपचा लोगो, काल्पनिक परफ्यूमची बाटली हे सगळ्यांकडे असतं हो. मी मुलाखती घेतो तेव्हा अशी पानं बोटाने सरकवत पुढे जातो. आणि मग मध्येच कोणाच्या तरी पोर्टफोलिओत गावच्या पिठाच्या गिरणीचा दरपत्रकाचा बोर्ड येतो, किंवा आईच्या मसाल्याच्या पाकिटाचं लेबल, ज्यात वजन, तारीख, घटक, किंमत सगळं त्या इवल्याशा जागेत नीट बसवलंय, तिथे मी थांबतो. कारण तिथे खरा माणूस होता, त्याची खरी अडचण होती, आणि या मुलाने ती सोडवली.

प्रत्येक कामासोबत दोन-तीन ओळी लिहा, काय अडचण होती आणि काय केलं. मधली रफ स्केचेस पण दाखवा. बिहान्सवर (डिझाईनर आपलं काम दाखवतात ती वेबसाईट) टाका, आणि एक पीडीएफ वेगळी ठेवा जी व्हॉट्सॲपवर पटकन जाईल. ५० एमबीची पीडीएफ पाठवू नका, मोबाईलवर कोणी उघडत नाही.

मराठी कामाला खरंच स्कोप आहे का? सगळं इंग्लिशच दिसतं.

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा आहे म्हणून जरा लांब लिहितो.

इंग्लिश टाईप बरा बसवणारी हजारो मुलं आहेत, भारतभर, जगभर. देवनागरी नीट बसवणारी फार थोडी आहेत, आणि काम तर ढीगभर आहे. महाराष्ट्रात दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत असणं कायद्याने सक्तीचं आहे, २०२२च्या दुरुस्तीनंतर तर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या छोट्या दुकानांनाही, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या भाषेपेक्षा लहान चालत नाहीत. आता रस्त्यावर जाऊन बघा, बहुतेक ब्रँडनी काय केलंय, इंग्लिश लोगो सुंदर आणि शेजारी मराठी नाव कुठल्याही फॉन्टमध्ये टाकून दिलेलं. ते नीट करून देणारा माणूस त्यांना हवाय, फक्त तो त्यांना सापडत नाही. शिवाय दिवाळी अंक आहेत, १९०९ साली 'मनोरंजन'ने सुरू केलेली प्रथा अजून चालू आहे, पुस्तकांची कव्हरं आहेत, नाटकाच्या जाहिराती, पत्रिका, कार्यअहवाल, पाठ्यपुस्तकं.

आणि आपल्याकडे परंपरा केवढी आहे! कमल शेडगेंनी नुसत्या अक्षरातून नाटकाचा स्वभाव उभा केला, पेपरातली ती दोन इंचाची जाहिरात लांबून ओळखू यायची. र. कृ. जोशींनी कॉम्प्युटरसाठी देवनागरी घडवली, विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा. सुलेखनकार अच्युत पालवांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. मुंबईच्या 'एक टाईप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी बलू, मुक्ता, मोदक असे फॉन्ट करून गूगल फॉन्ट्सवर फुकट ठेवलेत, धंद्याच्या कामातही वापरता येतात. आपल्या आधीच्या पिढ्यांना यातलं काही फुकट मिळत नव्हतं.

आता एक माझा प्रसंग. नवीन होतो, एका लग्नपत्रिकेचं काम होतं, चारशे प्रती. मुलीकडचं आडनाव कुऱ्हाडे. मी टाईप केलं, प्रूफ दाखवलं, घाईत कोणीच नीट वाचलं नाही, छापून आलं "कुर्हाडे", म्हणजे 'ह'च्या डोक्यावर रफार. मुलीचे वडील दुकानात आले, पत्रिका काउंटरवर ठेवली, बोट आडनावाखाली ठेवलं आणि काही बोललेच नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. चारशे पत्रिका माझ्या पगारातून परत छापल्या, आणि त्या दिवसापासून 'ऱ्ह' आणि 'ऱ्य' दिसला की माझा हात थांबतो. आचार्यांना आणि आचाऱ्यांना यात किती फरक आहे बघा, एकाला नमस्कार करायचा आणि दुसऱ्याला जेवणाचा मेनू सांगायचा. युनिकोडमध्ये (मोबाईल-कॉम्प्युटर सगळीकडे चालणाऱ्या मराठी टायपिंगमध्ये) हा र हवा असेल तर साधा र नाही, खाली टिंब असलेला ऱ घेऊन त्याला हलन्त द्यायचा. हे डिझाईनच्या शिक्षणात कोणी सांगत नाही.

मग रोजच्या कामातल्या गोष्टी. देवनागरीला वर वेलांटी, रफार आणि खाली उकार, त्यामुळे इंग्लिशला पुरतं तेवढं ओळींमधलं अंतर पुरत नाही, जरा वाढवा. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेघ तुटते, इंग्लिशमधली ती फॅशन इथे आणू नका. मराठीचा पाकळीवाला ल आणि देठवाला श हिंदीपेक्षा वेगळा असतो, मराठी वाचकाला तो फरक सांगता आला नाही तरी जाणवतो, म्हणून फॉन्ट निवडताना त्यात मराठी वळणं आहेत का बघा, उदाहरणार्थ तिरो देवनागरी मराठी खास त्यासाठीच केलाय. आणि इलस्ट्रेटर, इनडिझाईनमध्ये जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या उजवीकडे जाऊन पडली तर फॉन्टला दोष देऊ नका, पॅराग्राफच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर चालू करा.

प्रेसवाले श्रीलिपीतली फाईल मागतात, मला युनिकोडच येतं. काय करू?

दोन्ही समजून घ्या. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्लिश अक्षरांच्या जागेवर बसवलेली असतात, म्हणून फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडलं की इंग्लिश कचरा दिसतो. कन्व्हर्टर मिळतात, पण रूपांतर झालं की पूर्ण मजकूर परत वाचायचा, जोडाक्षरं हमखास कुठेतरी हुकतात. प्रेसला फायनल देताना टेक्स्ट कर्व्ह करून (अक्षरांचे नुसते आकार बनवून) द्या म्हणजे फॉन्टची भानगडच नको, आणि कर्व्ह न केलेली कॉपी आपल्याकडे वेगळ्या नावाने ठेवा. नाहीतर रात्री अकराला फोन नंबर बदलायला सांगतात आणि आपण अक्षरांचे तुकडे जोडत बसतो.

कोणतं सॉफ्टवेअर आधी शिकू?

फोटोशॉप आणि इलस्ट्रेटर येतच असेल. प्रेस, फ्लेक्स, पत्रिका या बाजूला जायचं असेल तर कोरलड्रॉ लागतंच, मुंबईच्या एजन्सीतली मंडळी नाकं मुरडतात पण महाराष्ट्रातली निम्मी छपाई त्याच्यावर उभी आहे असं मला वाटतं. पुस्तकं, मासिकं हवी असतील तर इनडिझाईन. ॲप, वेबसाईट हवं असेल तर फिग्मा. पैसे नसतील तर इंकस्केप, क्रिता, गिम्प, स्क्रायबस फुकट आहेत. चोरीचं सॉफ्टवेअर वापरू नका, सुरुवातीला सगळेच वापरतात हे मला माहितीये तरी सांगतोय.

पगार किती मिळेल?

मी २०१३ साली आठ हजारांवर लागलो. गेल्या वर्षी माझ्या ओळखीतून पुण्यात लागलेल्या पोरांना पंधरा ते वीसच्या दरम्यान मिळाले, एकीला पंचवीस मिळाले कारण तिला फिग्मा आणि मोशन (हलती ग्राफिक्स) दोन्ही येत होतं. पुण्यात रूम, मेस, बस पकडली तर पंधरात भागत नाही, घरून थोडी मदत लागते, हे आधीच घरी बोलून घ्या, लपवू नका. पहिली दोन वर्षं आकड्यापेक्षा शेजारी कोण बसणार आहे ते बघा, म्हणजे चूक दाखवणारा सीनियर आहे की नाही. पण "शिकायला मिळतंय ना" म्हणून वर्षभर फुकट इंटर्नशिप करून घेणाऱ्याकडे थांबायचं नाही, तीन महिने खूप झाले.

एजन्सी, स्टुडिओ, प्रेस की कंपनी?

सोशल मीडिया एजन्सीत वेग येतो, दिवसाला सहा-आठ पोस्ट, सणवार, "आजच हवं". पण वर्षभराने स्वतःचा पोर्टफोलिओ बघितला तर शुभेच्छांशिवाय काही सापडत नाही, म्हणून तिथे असाल तर महिन्याला एक काम स्वतःसाठी करा. छोटा स्टुडिओ सगळ्यात चांगला, जागा मात्र कमी असतात. प्रेसमध्ये पगार कमी पण पाया पक्का. कंपनीच्या इन-हाऊस टीममध्ये वेळेवर घरी जाता येतं, त्याची किंमत तिशीनंतर कळते.

पुण्या-मुंबईला जावंच लागेल का?

पहिली दोन-तीन वर्षं जाता आलं तर जा, कारण चांगलं काम करणारी माणसं बघायला मिळतात. पण कायमचं जायलाच पाहिजे असं नाही. कोल्हापूर, नाशिक, संभाजीनगर, नागपूर इथे कारखाने आहेत, हॉस्पिटलं, शाळा, गूळ-मसाले-द्राक्षं-संत्री यांचे व्यापारी आहेत, सगळ्यांना पॅकिंग लागतं आणि सगळे पुण्या-मुंबईतून करून घेतात कारण गावात करणारा नाही. माझा एक मित्र परत गेला, आज बेदाण्याच्या बॉक्सचंच काम वर्षभर करतो आणि माझ्यापेक्षा सुखी आहे.

मुलाखतीआधी "टेस्ट" म्हणून आठ पोस्ट करायला सांगितल्यात. करू का?

एक करा. आठ नाही. टेस्टच्या नावाखाली आठवड्याचं काम फुकट काढून घेणारे असतात. करायची असेल तर लो रिझोल्युशन पीडीएफ द्या, ओपन फाईल (बदल करता येणारी मूळ फाईल) अजिबात नाही.

फ्रीलान्सला पैसे कसे मागू? लोक बुडवतात.

निम्मे ॲडव्हान्स, त्याशिवाय फाईल उघडायची नाही. लाजू नका, टेलरसुद्धा ॲडव्हान्स घेतो. काम सुरू करण्याआधी एक साधा मेल, त्यात काय करणार, किती ऑप्शन, किती वेळा करेक्शन (मी तीन लिहितो), किती पैसे, कधी. व्हॉट्सॲपवर ठरलं असेल तरी तेच मेलवर परत लिहून "बरोबर ना?" विचारा.

उद्यम रजिस्ट्रेशन करून ठेवा, सरकारी पोर्टलवर फुकट होतं, एजंटला पैसे देऊ नका. त्याचा फायदा असा की सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत, असं २००६चा एमएसएमई कायदा सांगतो, आणि नाही दिले तर सरकारी पोर्टलवर ऑनलाईन तक्रार करता येते. मोठ्या कंपनीच्या अकाउंटवाल्याला बिलावर उद्यम नंबर दिसला की त्याचा सूर बदलतो, माझा अनुभव आहे. सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांपर्यंत असेल तर साधारणपणे जीएसटी नंबर लागत नाही. कंपनी बहुतेकदा १० टक्के टीडीएस (आधीच कापलेला इन्कम टॅक्स) कापून पैसे देते, ते बुडालेले नसतात, रिटर्न भरलं आणि तेवढा टॅक्स बसत नसेल तर परत मिळतात. कितीतरी मुलं रिटर्नच भरत नाहीत आणि ते पैसे सोडून देतात, फार वाईट वाटतं.

क्लायंट म्हणतो लोगोची ओपन फाईल आणि सगळे हक्क दे. द्यायचे का?

नोकरीत असाल तर प्रश्नच नाही, वेगळा करार नसेल तर नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा कॉपीराइट मालकाचा असतो. स्वतंत्र काम असेल तर हक्क कोणाचे ते लेखी ठरवा, कारण कॉपीराइट नावावर करून देणं कायद्याने लेखी आणि सहीनिशीच लागतं, तोंडी चालत नाही. आणि त्या कागदावर किती काळासाठी ते लिहिलं नसेल तर पाच वर्षं धरतात, कुठल्या प्रदेशासाठी ते नसेल तर फक्त भारत. लोगोचे हक्क मी देतो, पूर्ण पैसे आल्यावर, कारण दुकान त्याचं आहे, उद्या तो बोर्ड बदलायला माझ्याकडेच का यावा? पुस्तकाच्या आतली चित्रं, लेटरिंग याचे सगळे हक्क मात्र सहज देत नाही.

एआय सगळं करतंय, मग हे शिकून उपयोग आहे का?

भीती वाटणं साहजिक आहे, मलाही वाटते. शुभेच्छांच्या पोस्ट, स्टॉकसारखी चित्रं, हे काम कमी होतंय, खोटं कशाला सांगू. पण ती मसाल्याची आई काय म्हणतेय, तिला खरं काय हवंय, पाकीट कुठल्या दुकानात कुठल्या फळीवर लागणार, ते काढायला तिच्या ओट्याशी जाऊन बसावं लागतं. आणि एआयने केलेल्या चित्रातलं मराठी वाचून बघा, जोडाक्षरं अजूनही मध्येच भलतीच येतात. वापरा, रफ कल्पना काढायला मीही वापरतो, पण क्लायंटला सांगून, आणि पोर्टफोलिओत आपलं म्हणून टाकू नका, मुलाखतीत दोन प्रश्नांत उघडं पडतं.

पुढे एमडेस (डिझाईनमधली मास्टर्स) करू का?

दोन वर्षं काम करून मग ठरवा. आयआयटी मुंबईचं आयडीसी १९६९ पासून आहे, त्यासाठी सीड परीक्षा असते, बारावीनंतर किमान तीन वर्षांची डिग्री असेल तर देता येते, म्हणजे बीकॉमवाल्यांनाही. कामाचा अनुभव घेऊन गेलेली मुलं तिथे जास्त मिळवून येतात असं मी बघितलंय.

पहिलं काम कुठून मिळेल?

तुमच्या गल्लीतून. गणपतीच्या दोन महिने आधी मंडळाच्या कार्यकर्त्यांना भेटा, वर्गणीचं पावती पुस्तक, अहवाल, कार्यक्रमपत्रिका. पैसे थोडे मिळतील, पण मागा, पाचशे तरी. पावती पुस्तकात शिकायला सगळं आहे, नंबरिंग, स्थळप्रत, छिद्रांची रेघ, खजिनदाराच्या सहीला जागा, आणि रात्री नऊ वाजता रस्त्यावरच्या दिव्याखाली बॉलपेनने लिहिणाऱ्या पोराला रक्कम अक्षरी लिहायला पुरेल एवढी ओळ. ती ओळ मी पहिल्यांदा आखूड ठेवली होती, "एक हजार एकशे अकरा" मावत नव्हतं, पोरं समासात लिहायची.

फाईल छपाईला पाठवण्याआधी काय काय तपासू?

साईझ खरी आहे ना, चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापण्यासाठी बाहेर सोडलेला जादा भाग), फोटो ३०० डीपीआय (मोठ्या फ्लेक्सला एवढं लागत नाही, ७२-१०० वरही निघतं), सगळं सीएमवायके, बारीक मजकूर नुसत्या काळ्यात, टेक्स्ट कर्व्ह. मग पूर्ण आकारात प्रिंट काढायची, साध्या झेरॉक्सच्या दुकानातून का असेना, आणि ती क्लायंटकडून सही करून घ्यायची. फोन नंबर स्वतः लावून बघायचा. वार आणि तारीख कॅलेंडरवर जुळवायची. आणि नावं-आडनावं मोठ्याने वाचायची, एकेक अक्षर, शेजारी दुसरं कोणीतरी मूळ कागद हातात घेऊन बसलेलं असताना.